केबल लावूनही गेम अडखळतो तेव्हा

घरात फायबरची जोडणी आहे, वाय-फायवर विसंबायला नको म्हणून राउटरपासून संगणकापर्यंत किंवा प्लेस्टेशनपर्यंत लॅन केबल ओढलेली आहे, स्पीड टेस्टमध्ये पॅकेजचा पूर्ण वेग दिसतो आणि यूट्यूबवरचा फोर-के व्हिडिओ कुठेही न थांबता चालतो. तरीही व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळताना आपले पात्र अचानक दोन पावले मागे खेचले जाते, नीट नेम धरून झाडलेली गोळी लागत नाही, किंवा ऐन सामन्यात जोडणी तुटल्याचा संदेश येतो. अशा वेळी इंटरनेट पुरवणारी कंपनी स्पीड टेस्टकडे बोट दाखवते आणि घरातली मंडळी आणखी महागड्या पॅकेजचा विचार करू लागतात. बहुतेक वेळा तो खर्च वाया जातो, कारण ऑनलाइन सामन्याचा दर्जा एका मर्यादेनंतर वेगावर अवलंबून राहत नाही. दोष मार्गाच्या कोणत्या टप्प्यावर आणि दिवसाच्या कोणत्या वेळी निर्माण होतो हे शोधावे लागते, आणि त्यासाठी लागणारी साधने प्रत्येक संगणकात आधीपासूनच असतात.

वेग पुरेसा असताना काय बिघडते

सामना चालू असताना गेम आणि सर्व्हर यांच्यात फार थोडी माहिती जाते-येते. नेमबाजीच्या बहुतेक खेळांना एक एमबीपीएसपेक्षाही कमी बँडविड्थ पुरते. मात्र ही थोडी माहिती अतिशय वेळेवर पोहोचावी लागते. व्हॅलोरंटचा सर्व्हर खेळाची स्थिती सेकंदाला १२८ वेळा नव्याने ठरवतो, म्हणजे दोन नोंदींमध्ये आठ मिलिसेकंदांपेक्षाही कमी अवधी असतो. व्हिडिओ पाहताना पुढचे कित्येक सेकंद आधीच उतरवून साठवलेले असतात, त्यामुळे मध्येच एखादा सेकंद माहिती आली नाही तरी प्रेक्षकाला ते कळतही नाही. गेमला ही सोय नाही, कारण समोरचा खेळाडू पुढच्या क्षणी काय करणार आहे हे आधी साठवून ठेवता येत नाही. म्हणूनच यूट्यूब व्यवस्थित चालते या एका निरीक्षणावरून गेमच्या जोडणीबद्दल कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

मोजायच्या गोष्टी तीन आहेत. आपला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग; हा वेळ एका संदेशापासून दुसऱ्या संदेशापर्यंत किती कमी-जास्त होतो तो जिटर; आणि वाटेत हरवलेल्या संदेशांचे प्रमाण म्हणजे पॅकेट लॉस. खेळाडूंच्या बोलण्यात पिंगचाच उल्लेख जास्त येतो, पण माझ्या मते बाकीच्या दोन गोष्टी अधिक त्रासदायक आहेत. सतत ६० मिलिसेकंदांवर स्थिर असलेल्या पिंगशी हात जुळवून घेतात आणि गेमचे सॉफ्टवेअरही त्याची भरपाई करते; २० आणि १२० यांच्यामध्ये हेलकावणाऱ्या पिंगशी कोणालाच जुळवून घेता येत नाही.

तपासाला लागण्यापूर्वी दोष नेटवर्कचाच आहे याची खात्री करावी. सगळे चित्रच क्षणभर गोठत असेल, माउस फिरवल्यावर नजरही उशिरा वळत असेल, तर बहुधा ग्राफिक्स कार्ड, तापलेला प्रोसेसर किंवा अपुरी मेमरी यांचा प्रश्न असतो आणि कोणतीही केबल तो सोडवू शकत नाही. याउलट, आपली नजर सहज फिरते, चित्र गुळगुळीत आहे, पण इतर खेळाडू एका जागेवरून दुसरीकडे उडी मारल्यासारखे दिसतात किंवा आपण मागे फेकले जातो, हे नेटवर्कचे लक्षण आहे. बऱ्याच खेळांच्या सेटिंग्जमध्ये पिंग आणि पॅकेट लॉसचे आकडे किंवा आलेख पडद्याच्या कोपऱ्यात दाखवण्याची सोय असते. ती चालू ठेवून दोन-तीन सामने खेळले तरी बरीच दिशा मिळते.

त्याच वेळी आपण कोणत्या शहरातल्या सर्व्हरवर खेळत आहोत हेही पाहून घ्यावे. काचेच्या तंतूमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर हजार किलोमीटरमागे जाऊन येण्याचे १० मिलिसेकंद लागतातच. मुंबई ते सिंगापूर हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे, त्यामुळे तिथल्या सर्व्हरचा पिंग कागदावरसुद्धा ३९च्या खाली जाऊ शकत नाही, आणि प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नसल्याने तो पन्नास-साठच्या पुढे असतो. गेमने आपल्याला मुंबईऐवजी सिंगापूरच्या सर्व्हरवर बसवले असेल, तर घरातली कितीही दुरुस्ती केली तरी हा आकडा बदलणार नाही. बदलायचा असतो तो गेममधला सर्व्हर. युरोपातल्या मित्रांबरोबर खेळणाऱ्यांनी तर समुद्राखालच्या केबलही हिशेबात धराव्यात. सप्टेंबर २०२५मध्ये तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणारी वाहतूक लांबच्या मार्गांनी वळवावी लागली होती. अशा दिवशी घरचा राउटर दहा वेळा बंद-चालू करण्यात अर्थ नसतो.

केबल आहे, पण जोडणी तारेची आहे का

राउटर बाहेरच्या खोलीत असतो आणि संगणक आतल्या. मध्ये भिंत फोडायची नसते, म्हणून वाय-फायचा सिग्नल वाढवणारा रिपीटर किंवा मेश संचातला दुसरा डबा आतल्या खोलीत ठेवला जातो आणि त्याच्या मागच्या पोर्टमधून संगणकाला लॅन केबल जोडली जाते. संगणक प्रामाणिकपणे ‘इथरनेट’ असे दाखवतो, परंतु त्या डब्यापासून मुख्य राउटरपर्यंतचा प्रवास हवेतूनच होत असतो, आणि शेजारच्या सदनिकांमधल्या डझनभर वाय-फायची गर्दी त्याच्या वाट्याला येते. घरातल्या वीजतारांमधून नेटवर्क वाहून नेणाऱ्या अडॅप्टरचीही गोष्ट फार वेगळी नाही. मिक्सर किंवा पाण्याचा पंप सुरू झाला की त्यांच्यावरचे आकडे हलू शकतात. केबल संगणकापासून थेट मुख्य राउटरपर्यंत किंवा एखाद्या साध्या नेटवर्क स्विचमधून (एका केबलच्या अनेक केबल करणाऱ्या डब्यातून) तिथपर्यंत अखंड गेलेली असेल, तरच जोडणी तारेची म्हणावी. लॅपटॉपवर खेळताना चाचणीपुरते वाय-फाय पूर्ण बंद करावे, म्हणजे माहिती कोणत्या वाटेने जाते याबद्दल शंका उरत नाही.

यानंतर केबलचीच तपासणी. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या पानावर जोडणीचा वेग लिहिलेला असतो. संगणक आणि राउटर या दोन्हींचे पोर्ट गिगाबिटचे असतील, तर तिथे १,००० एमबीपीएस दिसायला हवेत. तिथे १०० दिसले, तर कारण बहुधा केबलच्या टोकाशी असते. लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार आतून तुटली किंवा टोकाच्या प्लास्टिकच्या जॅकमध्ये नीट बसली नाही, की उपकरणे मुकाट्याने १०० वर उतरतात. गेमसाठी १०० एमबीपीएस भरपूर आहेत, त्यामुळे या आकड्याने थेट नुकसान होत नाही. पण ज्या टोकात एक तार सैल आहे तिथल्या उरलेल्या तारांवरही भरवसा ठेवता येत नाही, आणि अधूनमधून होणारा पॅकेट लॉस तिथूनच येत असू शकतो.

जॅक डोळ्यांसमोर धरून पाहिला तर बरेच काही कळते. पारदर्शक प्लास्टिकमधून आठही तारांची टोके पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत आणि केबलचे बाहेरचे आवरण जॅकच्या आतपर्यंत जाऊन त्यात दाबले गेलेले असले पाहिजे; आवरण बाहेरच संपून रंगीत तारा उघड्या दिसत असतील, तर ते टोक कापून नवा जॅक दाबून बसवून, म्हणजे क्रिम्प करून, घ्यावा. तारांचा नेहमीचा क्रम पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी असा असतो. घाईत काम करणारे काही जण दोन्ही टोकांना रंग ओळीने लावून मोकळे होतात. आठही तारा जोडल्या जातात, टेस्टरवर आठही दिवे लागतात, पण एकमेकींना पीळ दिलेल्या जोड्या तुटल्यामुळे एका जोडीचा सिग्नल दुसऱ्या जोडीत झिरपतो. अशी केबल कमी अंतरावर चालते आणि लांब अंतरावर दगा देते. केबल विकत घेताना ती शुद्ध तांब्याची आहे हे विचारून घ्यावे, कारण स्वस्त केबलमध्ये अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. कॅट ५ई प्रकारची चांगली केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वाहून नेते. घरासाठी याहून वरच्या, ‘गेमिंग’ असे नाव छापलेल्या महाग केबलची गरज नाही.

टप्प्याटप्प्याने मोजणे

सगळ्यांत उपयोगी चाचणी अगदी साधी आहे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली की ‘डिफॉल्ट गेटवे’समोर राउटरचा पत्ता दिसतो; तो पुष्कळदा १९२.१६८.१.१ असा असतो. एका खिडकीत या पत्त्याला सतत पिंग करत ठेवावे. त्यासाठी पिंगच्या आज्ञेत पत्त्यानंतर उणे चिन्ह आणि टी हे इंग्रजी अक्षर जोडतात. दुसऱ्या खिडकीत इंटरनेट कंपनीच्या पहिल्या यंत्राला आणि तिसऱ्या खिडकीत ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या सार्वजनिक पत्त्याला पिंग चालू ठेवावे. कंपनीच्या यंत्राचा पत्ता ट्रेसर्ट या आज्ञेने मिळतो; माहिती कोणकोणत्या यंत्रांतून जाते याची यादी ती दाखवते. तिच्या यादीत पहिली ओळ आपल्या राउटरची आणि साधारणपणे दुसरी ओळ कंपनीची असते. त्या यंत्राने पिंगला उत्तरच दिले नाही, तर यादीतली पुढची उत्तर देणारी ओळ घ्यावी. मग गेम सुरू करून तिन्ही खिडक्यांकडे लक्ष ठेवावे.

केबलने जोडलेल्या राउटरचे उत्तर एका मिलिसेकंदात किंवा त्याहून लवकर यायला हवे, आणि शंभरातला एकही संदेश हरवता कामा नये. इथेच आकडे हलत असतील, तर दोष घरात आहे: केबल, पोर्ट, मधला स्विच किंवा संगणकाच्या नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर. कार्डच्या प्रगत सेटिंग्जमधली वीज वाचवणारी इथरनेटची सुविधा बंद करून पाहणे याच वेळी योग्य ठरते, कारण काही कार्डांमध्ये तिच्यामुळे जोडणी क्षणभर तुटून पुन्हा लागते. राउटर स्थिर आणि दुसरी खिडकी अस्थिर असेल, तर दोष राउटर किंवा कंपनीच्या लाइनमध्ये आहे. पहिल्या दोन्ही स्थिर असून तिसरीच हलत असेल, तर तो पुढच्या मार्गात आहे.

ट्रेसर्टची यादी वाचताना एक गैरसमज फार होतो. मधल्या एखाद्या ओळीवर तारांकने दिसली किंवा तिथला आकडा मोठा दिसला, तर लगेच तिथे बिघाड आहे असे समजू नये. मोठ्या नेटवर्कमधले राउटर इतरांची माहिती पुढे पाठवण्याला प्राधान्य देतात आणि स्वतःला आलेल्या पिंगला सवडीने उत्तर देतात, किंवा देतही नाहीत. एखाद्या ओळीपासून सुरू झालेली वाढ किंवा गळती शेवटच्या ओळीपर्यंत टिकून राहिली, तरच ती खरी धरावी. पुण्याचा खेळाडू मुंबईच्या सर्व्हरवर असताना पिंग सतत ६०-७० दाखवत असेल, तर माहिती आडवळणाने, चेन्नईसारख्या दूरच्या शहरामार्गे, जात असण्याची शक्यता आहे. मधल्या यंत्रांच्या नावांत कधी कधी शहरांची लघुरूपे असतात, त्यांवरून ते ताडता येते. गेमसाठीच्या व्हीपीएन सेवांचा खरा उपयोग होतो तो एवढ्याच परिस्थितीत, कारण त्या मार्ग बदलतात. मार्ग मुळात नीट असेल तर व्हीपीएन पिंगमध्ये भरच घालते. डीएनएस बदलण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. डीएनएसचे काम सर्व्हरचा पत्ता शोधून देण्यापुरते असते, सामना सुरू झाल्यावर त्याचा पिंगशी संबंध राहत नाही.

घरातलीच रांग

घरातल्या जोडण्यांमध्ये माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा दोष पुढे येतो, तो घरात दुसरे कोणीतरी इंटरनेट वापरत असतानाच. दुपारी एकट्याने खेळताना सगळे सुरळीत असते. रात्री कोणाच्या तरी फोनवरचे फोटो आपोआप क्लाउडवर चढू लागतात, सीसीटीव्ही कॅमेरा चित्रण पाठवत असतो, आणि पिंग १५ वरून काही शेकड्यांवर जातो.

याचे कारण राउटरच्या आत आहे. बाहेर जाणारा मार्ग अरुंद आणि आत येणारी माहिती जास्त झाली की राउटर ती टाकून न देता आपल्या मेमरीत रांगेत उभी करतो. खालापूरच्या टोलनाक्यावर मालट्रकांची रांग लागली की तिच्या मागे अडकलेल्या छोट्या मोटारीलाही तितकेच थांबावे लागते, तशी गेमची इवलीशी पॅकेट फोटोंच्या मागे अडकतात. हिशेब मांडला तर नुकसान किती हे समजते. समजा, अपलोडचा वेग १० एमबीपीएस आहे आणि राउटरच्या रांगेत एक मेगाबाइट, म्हणजे आठ मेगाबिट माहिती साचली आहे. ती रांग रिकामी व्हायला ०.८ सेकंद लागतील, म्हणजे शेवटी उभ्या असलेल्या पॅकेटच्या पिंगमध्ये ८०० मिलिसेकंदांची भर पडेल. मेमरी स्वस्त झाल्यामुळे उत्पादकांनी अशा रांगा भरमसाट लांब ठेवल्या. जिम गेटिस या अभियंत्याने २०१०च्या सुमारास स्वतःच्या घरच्या जोडणीचा माग काढताना हा प्रश्न पुढे आणला आणि त्याला बफरब्लोट हे नाव रूढ झाले. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२मध्ये त्यावर कोडेल ही पद्धत सुचवली. पॅकेट रांगेत किती वेळ उभे आहे ते पाहून ही पद्धत रांग आटोक्यात ठेवते. तिच्यावर आधारित, प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देणारी पद्धत २०१८मध्ये इंटरनेटच्या आरएफसी या तांत्रिक दस्तऐवजांत प्रसिद्ध झाली.

आपल्या घरी हा दोष आहे का, हे पाहायला मिनिटभर पुरते. बाहेरच्या पत्त्याला पिंग चालू ठेवून एखादी मोठी फाइल क्लाउडवर चढवायला लावावी. चढवणे सुरू होताच आकडे चौपट-दसपट झाले आणि थांबवताच पूर्ववत झाले, तर निदान पक्के. उपाय म्हणजे राउटरमध्ये रांग आटोक्यात ठेवणारी स्मार्ट क्यू मॅनेजमेंट, म्हणजे एसक्यूएम, ही सोय चालू करणे आणि तिथे अपलोड-डाउनलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवणे, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न साचता आपल्या ताब्यातल्या राउटरमध्ये राहते. दहा-पंधरा टक्के वेग सोडून द्यायला अनेकांचे मन तयार होत नाही, पण हा व्यवहार शंभर टक्के फायद्याचा आहे. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ही सोय सहसा नसते. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचे मुक्त सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरमध्ये ती मिळते. तोवर फोटोंचा बॅकअप पहाटेच्या वेळी लावणे आणि स्टीमसारख्या ठिकाणी डाउनलोडच्या वेगावर मर्यादा घालणे एवढे तरी लगेच करता येते.

मित्र सामन्यात येतच नाहीत

पिंग उत्तम आहे, पण मित्राच्या पार्टीत जाता येत नाही, एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकू येत नाही, किंवा स्वतः भरवलेल्या सामन्यात कोणी येऊ शकत नाही, ही तक्रार वेगळ्या जातीची आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. त्यामुळे अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांमध्ये वाटतात. बाहेरून आलेला निरोप नेमका कोणाच्या घरी पोहोचवायचा हे मग त्या यंत्रणेला ठरवता येत नाही आणि ती तो निरोप टाकून देते. एक्सबॉक्सवर ‘स्ट्रिक्ट’ आणि प्लेस्टेशनवर ‘टाइप ३’ असे दिसते ते अनेकदा यामुळे.

राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या जोडीने सुरू होत असेल, तर तो वाटून दिलेल्या पत्त्यांसाठी २०१२मध्ये राखून ठेवलेल्या गटातला आहे, आणि अशा वेळी राउटरमध्ये पोर्ट उघडण्याचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या निरोपांना वाट करून देण्याचा, खटाटोप व्यर्थ आहे. कंपनीकडून सार्वजनिक पत्ता मागून घ्यावा लागतो, ज्याचे बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे पडतात. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर कंपनीच्या फायबरच्या डब्यामागे आपला दुसरा राउटर लागलेला असतो आणि पत्ते दोनदा बदलले जात असतात. पहिला डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे पत्ते न बदलता माहिती नुसती पुढे देणाऱ्या स्थितीत, टाकायला सांगावे. पत्ता थेट सार्वजनिक असेल, तर राउटरमधली यूपीएनपी ही गेमला लागणारी वाट आपोआप उघडणारी सोय चालू करणे सहसा पुरते. व्हॅलोरंटसारखे जे खेळ पूर्णपणे कंपनीच्या सर्व्हरवर चालतात, त्यांच्या पिंगशी या प्रकरणाचा संबंध नसतो.

तक्रार कशी मांडावी

दोष घराबाहेर आहे असे ठरल्यावर ‘नेट स्लो आहे’ एवढेच सांगितले, तर समोरचा माणूस पुन्हा स्पीड टेस्टच करायला लावतो. त्याऐवजी राउटर स्थिर असताना रात्री नऊ ते अकरा या वेळात पुढच्या यंत्रापाशी शंभरातले किती संदेश हरवले, सकाळी किती हरवले, हे पडद्याच्या छायाचित्रांसह लिहून द्यावे. फक्त रात्रीच त्रास होत असेल, तर परिसरातल्या सामायिक लाइनवर गर्दी असण्याची शक्यता जास्त. जीपॉन प्रकारच्या फायबरमध्ये येणारे २.५ आणि जाणारे १.२५ गिगाबिट प्रति सेकंद एवढे बळ अनेक घरांत वाटलेले असते. दिवसभर अधूनमधून त्रास असेल, तर फायबरच्या डब्यावरच्या पानात प्रकाशाची पातळी तपासायला सांगावे. ती उणे २७ डीबीएमच्या (हे प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक) जवळ किंवा त्याखाली असेल, तर कुठेतरी तंतू दुमडला आहे किंवा जोड खराब आहे. स्थानिक केबलवाल्याने इमारतीच्या गच्चीवरच्या स्विचपासून लॅन केबल खाली सोडलेली असेल, तर वर सांगितलेली क्रिम्पिंगची तपासणी त्या टोकालाही लागू होते, आणि पावसाळ्यात तर ती आधी करावी. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४च्या सेवा-गुणवत्तेच्या नियमांत लेटन्सी (विलंब) आणि पॅकेट ड्रॉप (हरवलेले संदेश) यांचेही निकष आहेत, त्यामुळे या आकड्यांवर बोट ठेवून तक्रार करण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

दुरुस्तीसाठी माणूस येतो तो सहसा सकाळी, म्हणजे दोष झोपलेला असताना. त्याच्यासमोर संगणक थेट कंपनीच्या डब्याला जोडून चाचणी करून दाखवावी, म्हणजे आपल्या राउटरवर दोष ढकलला जात नाही. तक्रार क्रमांक मात्र त्याच रात्री, त्याच वेळेला आणि त्याच सर्व्हरवर तिन्ही खिडक्या पुन्हा चालवून आकडे सुधारले आहेत हे पाहिल्यानंतरच बंद करू द्यावा.